पदग्रहणाआधीचे तीन महिने: तालुक्याच्या गावात सेवा क्लबचं वर्ष कसं आखावं

रोटरी असो की लायन्स, दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्यामुळे आपल्याकडच्या क्लबांचा वार्षिक कार्यक्रम न विचारता सांगता येतो. पावसाची रिपरिप चालू असताना पदग्रहण, त्याच आठवड्यात वृक्षारोपण, १५ ऑगस्टला रक्तदान, ५ सप्टेंबरला शिक्षकांना शाल-श्रीफळ, १ ऑक्टोबरला राष्ट्रीय रक्तदान दिन म्हणून पुन्हा रक्तदान. दिवाळीनंतर जोर ओसरतो, मार्चमध्ये व्यापारी सभासद हिशेबात बुडतात आणि एप्रिल-मे लग्नांत जातात. जूनमध्ये 'आमचं वर्ष कसं गेलं' याचा अहवाल फोटोंसह छापला जातो.

मी अशा एका क्लबात दोनदा सचिव होतो, एकदा खजिनदार. दोन्ही वेळा चुका तिथेच झाल्या: उपक्रम क्लबच्या उत्साहाप्रमाणे लावले, गावाच्या गरजेप्रमाणे नाही. पुढचं सगळं त्या चुकांतून शिकलेलं आहे. रोटरी-लायन्सच काय, जायंट्स, जेसीज, इनरव्हील किंवा गल्लीतलं एखादं मंडळ, कुणालाही हे वापरता येईल.

आधी विचारा, मग ठरवा

नव्या अध्यक्षाचं नाव डिसेंबर-जानेवारीपर्यंत ठरलेलं असतं. म्हणजे जुलैपर्यंत हातात पाच-सहा महिने असतात आणि ते बहुतेक वेळा पदग्रहणाला पाहुणा कोण बोलवायचा या चर्चेत जातात. त्याऐवजी मार्चच्या मध्यापासून दर आठवड्याला एका ठिकाणी जा. दोघं-तिघंच जा, बॅनर आणि फोटोग्राफर नकोत. ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, तुमच्या भागाला रक्त पुरवणारं रक्तकेंद्र, जिल्हा परिषद शाळांचे केंद्रप्रमुख, दोन-तीन आशाताई, एसटीचे आगारप्रमुख, नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग आणि बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या मावश्या. यादी एवढीच.

'आम्ही तुमच्यासाठी काय करू शकतो?' असं विचारलंत तर समोरचा माणूस तुमच्या खिशाचा अंदाज घेऊन पंखे, कूलर, वॉटर प्युरिफायर मागतो. 'वर्षातल्या कोणत्या महिन्यात तुमची सगळ्यात जास्त ओढाताण होते आणि कशामुळे?' असं विचारा. आशाताई सांगतील की ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की मुलांच्या लसीकरणाची कार्डं गावीच राहिलेली असतात. शिक्षक सांगतील की जूनमध्ये वह्यांचे ढीग येतात आणि जानेवारीत मुलं मागच्या पानांवर लिहितात. बाजारातल्या मावश्या सांगतील की दिवसभर लघवीला जायला जागा नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत.

या शेवटच्या उत्तरावर क्लबात कुणी नाक मुरडलं तर त्यांना रोटरीचा इतिहास ऐकवा. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी सुरू केलेल्या या क्लबच्या अगदी सुरुवातीच्या सार्वजनिक कामांत १९०७ मध्ये शहरात स्वच्छतागृहं उभी करण्यासाठी केलेली खटपट आहे. लायन्सचं नेत्रकार्यही असंच मागणीतून आलं. संस्था १९१७ ची, पण १९२५ मध्ये हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहण्याचं थेट आवाहन केलं आणि तेव्हापासून डोळ्यांचं काम लायन्सशी जोडलं गेलं.

भिंतीवर गावाचं कॅलेंडर लावा

भेटी झाल्या की बोर्डाच्या बैठकीत एक मोठा कागद भिंतीवर लावा, बारा रकाने पाडा आणि आधी क्लबचं काहीच लिहू नका. शाळा कधी उघडतात, पेरणी आणि सुगी कधी, कारखान्याचा गाळप हंगाम, दहावी-बारावीच्या परीक्षा, गावची जत्रा, गणपती, लग्नाच्या दाट तिथी, टँकर कधी सुरू होतात, डेंगीचे रुग्ण कधी वाढतात, हे भरा. भेटींत ऐकलेल्या अडचणी लाल पेनने त्या-त्या महिन्यात टाका.

आमच्या कागदावर लाल खुणा जानेवारी ते मे या पट्ट्यात दाटल्या होत्या आणि क्लबचे जुने उपक्रम जुलै ते ऑक्टोबर या पट्ट्यात. तो कागद पाहिल्यावर फारसा वाद झाला नाही.

रोटरीत मुख्यालयाकडूनही दर महिन्याला एक विषय येतो. सप्टेंबर शिक्षणाचा, मार्च पाणी आणि स्वच्छतेचा, असं. तो जगासाठी आहे, तुमच्या तालुक्यासाठी नाही. आपलं काम त्याच्याशी जुळलं तर अहवालात लिहा, नाही जुळलं तर डिस्ट्रिक्टचे (आसपासच्या क्लबांच्या वरच्या संघटनेचे) पदाधिकारी काही फाशी देत नाहीत. पाण्याचंच घ्या. पाझर तलावातला गाळ काढायचा तर मार्चमध्ये विचार सुरू करून चालत नाही. तेव्हा परवानगी हातात हवी, कारण यंत्र चालवायला एप्रिल-मे एवढाच वेळ मिळतो. म्हणजे अर्ज दिवाळीनंतर लगेच. गाळ शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरने नेणार आहेत ना, हेही तेव्हाच विचारून ठेवा. नाहीतर काढलेला गाळ काठावर राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा आत येतो.

किती उपक्रम घ्यायचे

तुमच्या यादीवरचे सभासद मोजू नका. मागच्या वर्षी सकाळी सात वाजता शिबिरावर खुर्च्या लावायला जे आले तेवढेच मोजा. आमच्या यादीवर चाळीसच्या वर नावं होती आणि असे हात अकरा. अकरा हातांत वर्षभराचं एक मोठं काम, तीन मध्यम आणि चार-पाच लहान कामं बसतात. यापेक्षा जास्त घेतलीत तर तीच तीन माणसं थकतात आणि पुढच्या वर्षी सभासद राहत नाहीत.

निवडीसाठी मी तीनच प्रश्न ठेवतो. हे काम दुसरं कुणी आधीच करतंय का? करत असेल तर आपलं नाव न लावता त्यांना मदत करता येईल का? आणि कार्यक्रम संपल्यावर महिनाभराने आपल्याला पुन्हा तिथे जावं लागेल का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर त्या कामात बहुतेक वेळा फोटोपलीकडे काही नसतं. वृक्षारोपण घ्या. खड्डे मेमध्ये खणून तापू द्यावेत, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर जुलैत रोप लावावं, रोप कमरेएवढं तरी असावं, वड-कडुनिंब-करंज-बहावा असं इथलं झाड निवडावं, हे सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी ते मे पाणी कोण घालणार हे मात्र ठरलेलं नसतं. टँकरवाल्याशी आठवड्याला एक फेरी ठरवून पैसे बाजूला काढता येतील तेवढीच झाडं लावा. आमच्या हिशेबात ती चाळीस निघाली. आधीच्या वर्षी पाचशे लावली होती.

पैसा: दोन पाकिटं

लायन्समध्ये प्रशासनाचा आणि सेवेचा निधी वेगळा ठेवण्याचा नियमच आहे. तुमच्या संस्थेत नसला तरी करून घ्या. सभासदांची वर्गणी पहिल्या पाकिटात. त्यातून सभागृहाचं भाडं, डिस्ट्रिक्टची देणी, चहापाणी, फेलोशिपचं, म्हणजे सभासदांच्या स्नेहमेळाव्याचं, जेवण. लोकांकडून कामासाठी आलेला पैसा दुसऱ्यात, आणि त्यातला एक रुपयाही जेवणावर जायचा नाही. बँकेत खातीही दोन हवीत. गावात कोणता सराफ किती देणगी देतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तसं क्लबचं जेवण कुठल्या हॉटेलात झालं हेही ठाऊक असतं.

देणगीदाराला ८०जीची, म्हणजे आयकर सवलतीची, पावती देतो म्हणताना जरा थांबा. क्लबच्या नावावर ती मान्यता बहुधा नसते. क्लबच्या सभासदांनी काढलेल्या आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टच्या नावावर असते. पावती त्या ट्रस्टचीच द्यावी लागते आणि पैसाही त्याच खात्यात जावा लागतो. २,००० रुपयांवर रोख घेतलेल्या देणगीवर सवलत मिळत नाही. शिवाय नव्या करप्रणालीत गेलेल्या माणसाला या सवलतीचा उपयोगच नाही, आणि पगारदार मंडळी आता बरीचशी तिकडे आहेत. कारखाना, बँक किंवा एमआयडीसीतल्या कंपनीकडे सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकामासाठी बाजूला काढलेला) पैसा मागायचा तर ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी आधी हवी. हे सगळं एप्रिलमध्येच तुमच्या सीएला विचारून घ्या. बहुतेक क्लबांत एक तरी सीए असतो आणि त्याला नेमकं जुलैत, रिटर्नच्या गर्दीत गाठलं जातं.

एक काम नीट करून पाहू: मे महिन्यातलं रक्तदान शिबिर

सगळे उपक्रम इथे सविस्तर लिहिता येणार नाहीत. रक्तदान प्रत्येक क्लब करतो आणि बहुतेक क्लब चुकीच्या दिवशी करतात, म्हणून तेच घेतो.

रक्त साठवून ठेवण्याला मर्यादा आहे. पूर्ण रक्त ३५ दिवस टिकतं, वेगळ्या केलेल्या लाल पेशी योग्य द्रावणात ४२ दिवस आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. १५ ऑगस्टला जिल्ह्यात सगळ्यांनी मिळून हजारभर पिशव्या जमवल्या तरी त्या मेमध्ये उपयोगी पडत नाहीत. मेमध्ये कॉलेजांना सुट्टी असते, तरुण गावी गेलेले असतात, शिबिरं थांबतात. अपघात, बाळंतपणं आणि दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागणारी थॅलेसेमियाची मुलं मात्र थांबत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीतही हेच होतं. म्हणून रक्तकेंद्राला तारीख सांगू नका, विचारा. 'तुम्हाला कोणत्या आठवड्यात किती पिशव्या हव्यात?' त्यांनी साठ सांगितल्या तर साठच गोळा करा. विक्रम करायला गेलात तर उरलेलं रक्त मुदत संपून वाया जातं, ते तुमच्या अहवालात कधीच येत नाही.

*तारीख.* पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, स्त्रीला १२० दिवसांचं. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या शिबिरात रक्त दिलेला तरुण २० मेपर्यंत देऊ शकत नाही. १४ एप्रिलला दिलेला तर जुलैच्या मध्यापर्यंत गेला. तेव्हा गावात फेब्रुवारीनंतर कुणी शिबिरं घेतली याची यादी आधी काढा. फेब्रुवारीत मोठी शिबिरं झाली असतील तर मेच्या पहिल्या रविवारऐवजी चौथा घ्या. मग पंचांग बघा. एकादशी किंवा संकष्टीला शिबिर ठेवलं की निम्मे दाते उपाशीपोटी येतात आणि डॉक्टर त्यांना परत पाठवतात, किंवा ते सांगत नाहीत आणि खुर्चीवरून उठताना कोसळतात. रमजान चालू असेल तर मुस्लिम दात्यांसाठी इफ्तारनंतरचा वेगळा गट रक्तकेंद्राशी बोलून लावता येतो का ते पाहा. लग्नाच्या दाट तिथीला मंगल कार्यालय मिळत नाही आणि माणसंही.

*सहा आठवडे आधी* परवाना असलेल्या रक्तकेंद्राला लेखी पत्र, त्यांची लेखी संमती आणि किती टेबल, किती डॉक्टर-तंत्रज्ञ येणार हे ठरवून घ्या. जागा तेव्हाच पाहून ठेवा. मेमध्ये पत्र्याची शेड नको. जाड भिंतींचं, तळमजल्यावरचं, स्वच्छतागृह आणि पाणी असलेलं सभागृह हवं. वीज गेली तर पंखे कशावर चालतील ते आजच ठरवा. जनरेटर सांगून ठेवा. रक्तकेंद्राला जागा आधी दाखवा. त्यांच्या लोकांना प्लगपॉइंट कुठे आहेत हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

*तीन आठवडे आधी* दाते. व्हॉट्सॲपवर पत्रक फिरवून मोजकेच लोक येतात. प्रत्येक सभासदाने सहा माणसांना स्वतः फोन करायचा आणि वेळ द्यायची: 'तू साडेआठला ये, तू दहाला.' फोनवरच चार गोष्टी विचारायच्या. वय १८ ते ६५ मध्ये आहे ना (पहिल्यांदाच देणारा असेल तर साठीच्या आत), वजन किमान ४५ किलो आहे ना, गेल्या वर्षभरात टॅटू काढलाय का, सध्या अँटिबायोटिक चालू आहेत का. अंतिम निर्णय डॉक्टरांचा असतो, पण एवढं विचारलं की टेबलावरून परत जाणारे निम्म्याने कमी होतात. आदल्या रात्री झोप आणि सकाळी भरपेट नाष्टा, हे दोनदा सांगा. आदल्या रात्री 'बसणं' नको, हेही स्पष्ट सांगायला लाजू नका.

भेटवस्तूंवरून क्लबात भांडणं होतात, म्हणून आधीच मिटवा. रक्तदान स्वेच्छेचं असतं. मोबदला म्हणून रोख किंवा किमती वस्तू देणं त्याच्या मुळावरच येतं. हेल्मेट नाहीतर ट्रॉली बॅग मिळते म्हणून येणारा माणूस आपली कावीळ लपवण्याची शक्यता जास्त. प्रमाणपत्र, चहा, बिस्किटं, केळं आणि हात जोडून धन्यवाद, एवढं पुरे.

*शिबिराच्या दिवशी* वेळ सकाळी आठ ते दुपारी एक. उन्हात त्यानंतर कुणी येत नाही आणि आलं तरी देऊ नये. एका खाटेवर एक माणूस पडण्यापासून उठण्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं धरा, म्हणजे तासाला तीन. पाच तास, पाच खाटा, तर पंचाहत्तरपर्यंत सहज. पण गर्दी खाटांपाशी होत नाही. ती होते वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलावर. खाटा वाढवण्याऐवजी तिथे दुसरा तपासनीस मागा. फॉर्म भरायला चांगलं अक्षर असलेले चार तरुण बसवा. कॉलेजातल्या रोटरॅक्टची किंवा लिओची (रोटरी-लायन्सच्या युवा क्लबांची) मुलं गावात राहिली असतील तर हे काम त्यांचं.

रक्त दिल्यानंतर पंधरा मिनिटं माणूस बसलाच पाहिजे. हे बघायला क्लबातला आवाज असलेला सभासद ठेवा. आमच्याकडे निवृत्त पीटी सर होते, त्यांच्यासमोरून कुणी लवकर उठत नसे. चक्कर आली तर आडवं करून पाय वर घ्यायचे आणि रक्तकेंद्राच्या डॉक्टरांना हाक मारायची. गर्दी करून वारा घालायची नाही.

आणखी एक. हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी असेल तर रक्त घेत नाहीत आणि त्यामुळे बऱ्याच बायका परत जातात. त्यांना 'सॉरी मॅडम' म्हणून सोडू नका. आकडा चिठ्ठीवर लिहून द्या आणि ग्रामीण रुग्णालयात दाखवायला सांगा. एका वर्षी आम्ही अशा सव्वीस जणींची त्यांच्या संमतीने यादी ठेवली आणि तीन महिन्यांनी फोन केला. त्यातल्या नऊ जणींनी पुढच्या शिबिरात रक्त दिलं. माझ्या लेखी त्या शिबिराचं सगळ्यात चांगलं काम ते होतं.

*नंतर.* रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि हिवताप अशी तपासणी रक्तकेंद्रात होते. कुणात काही निघालं तर ते केंद्र त्या माणसालाच गोपनीयपणे कळवतं. क्लबने ते विचारायचंही नाही, अध्यक्षांनीसुद्धा. दात्यांची यादी, रक्तगट आणि पुढची पात्र तारीख सचिवाच्या वहीत राहील, व्हॉट्सॲप गटावर जाणार नाही. डेंगीच्या दिवसांत कुणाला प्लेटलेट्ससाठी दाता लागला तर ही वही शिबिराइतकीच कामाची असते.

बाकीचे उपक्रम, थोडक्यात

नेत्रतपासणी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा. खेड्यापाड्यातली म्हातारी माणसं त्या दिवशी तशीही गावात येतात, वेगळी गाडी करावी लागत नाही. शस्त्रक्रिया शिबिराच्या जागी करायची नाही, रुग्ण रुग्णालयातच न्यायचा. तुमचं खरं काम ने-आण, सोबतचा माणूस, मधुमेह-रक्तदाबाची आधी तपासणी आणि शस्त्रक्रियेनंतर फेरतपासणीला त्यांना परत नेणं हे आहे. मोतीबिंदू थंडीतच काढावा असा समज आहे. ऋतूचा त्याच्याशी संबंध नाही, पण पेरणीत घरचं कुणी सोबत यायला मोकळं नसतं, म्हणून डिसेंबर-जानेवारी सोयीचा पडतो इतकंच.

ऊसतोड कामगारांच्या अड्ड्यावर आरोग्य तपासणी रविवारी सकाळी ठेवलीत तर तिथे फक्त लहान मुलं आणि कुत्री भेटतील. टोळ्या पहाटेच फडात गेलेल्या असतात. संध्याकाळी जा, आशाताईंना घेऊन जा आणि उजेडाची सोय आपली न्या.

वह्या जूनऐवजी नोव्हेंबरात, दुसरं सत्र सुरू होताना द्या. शिक्षकांनी दिलेल्या यादीप्रमाणे द्या, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढत नको.

बैठका

पंधरा दिवसांतून एक बैठक, एक तास, घड्याळ लावून. पहिला विषय मागच्या बैठकीत कुणी काय करतो म्हणाला होता आणि झालं का. न झालेल्याला दंड. लायन्समध्ये तर त्यासाठी टेल ट्विस्टर नावाचं पदच असतं. भाषणं आणि वाढदिवसाचा केक शेवटी, म्हणजे ज्यांना जायचं ते जातात.

फाईल

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुढच्या सचिवाला एक जाड फाईल द्या. त्यात अहवालाची छापील प्रत मागे आणि ही पानं पुढे: परवानगीच्या पत्रांचे नमुने, प्रत्येक कामाचा खरा खर्च, दात्यांची वही, फेरतपासणी राहिलेल्या मोतीबिंदूच्या रुग्णांची नावं, झाडांना पाणी घालणाऱ्या टँकरवाल्याशी ठरलेला दर. आणि सगळ्यात वर एक कागद, ज्यावर सभागृहाची किल्ली कुणाकडे असते, जनरेटरवाला फोन उचलत नाही तेव्हा त्याच्या भावाचं दुकान कुठे आहे, आणि कोणत्या दोन सभासदांना एकाच समितीत घालू नये, हे लिहिलेलं असावं.